ठिणगीची कसोटी : सुरुवातीच्या विमान-इंजिनांचे स्पार्क प्लग

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवरून राइट बंधूंचे विमान १२ सेकंद उडाले, तेव्हा त्याच्या इंजिनात एकही स्पार्क प्लग नव्हता. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने घडवलेल्या त्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या आतच दोन टोके एकमेकांना टेकत आणि कॅमच्या झटक्याने विलग होत. वाहता प्रवाह तुटला की ठिणगी पडे आणि पेट्रोलची वाफ पेटे. रचना साधी होती, विजेचा दाबही कमी लागे. पण धगधगत्या सिलिंडरच्या पोटात हलते भाग ठेवणे म्हणजे झिजेला आमंत्रण. इंजिनाचा वेग वाढला की ही टोके मागे पडू लागत. राइट बंधूंनीही पुढच्या इंजिनांत ही पद्धत सोडली आणि हाय-टेन्शन मॅग्नेटो, म्हणजे इंजिनानेच फिरणारे, जास्त दाबाची वीज देणारे जनित्र, व प्लग स्वीकारले.

प्लग मात्र विमानापेक्षा बराच जुना. एतिएन लन्वारने १८६०मध्ये आपल्या गॅस-इंजिनात विजेच्या ठिणगीसाठी प्लग वापरला होता. खरी सोय झाली १९०२मध्ये, जेव्हा स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यात गॉटलोब होनोल्डने हाय-टेन्शन मॅग्नेटो तयार केला. बॅटरीची गरज नाही, इंजिन फिरते तोवर ठिणगी मिळत राहते. १९१४मध्ये युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनमधले जवळजवळ सगळे मॅग्नेटो जर्मनीतून, म्हणजे शत्रुदेशातूनच, येत होते. ते अचानक बंद झाल्यावर मॅग्नेटो आणि प्लग ही युद्धसामग्री झाली. त्यांच्या चाचण्यांवर सरकारी पैसा खर्च होऊ लागला तो तेव्हापासून.

मोटारीचा प्लग विमानात का टिकेना

मोटार आपल्या पूर्ण ताकदीच्या थोड्याशाच भागावर बहुतेक वेळ धावते. विमानाचे तसे नाही. उड्डाणाला पूर्ण ताकद, चढाईत जवळजवळ पूर्ण, मग तासन् तास भरपूर भार. आणि उतरताना एकदम थ्रॉटल बंद करून थंड हवेत लांबलचक घसरण. म्हणजे एकाच फेरीत प्लग आधी भाजून निघतो आणि मग गारठतो. या दोन टोकांना दोन उलट दुखणी आहेत. प्लगच्या नाकाचे, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरलेल्या टोकाचे, तापमान साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सियसच्या खाली राहिले, तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही; काजळीतून वीज निसटते आणि ठिणगी पडतच नाही. तेच नाक साधारण ८५०-९०० अंशांच्या वर गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देते. या अवेळी पेटण्याने पिस्टनला भोक पडल्याचीही उदाहरणे आहेत.

ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, त्यांना पहिले दुखणे चांगले माहीत असेल. पेट्रोलात ऑइल जास्त पडले की गाडी मिसिंग मारते, मग रस्त्याच्या कडेला प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा किक. पहिल्या महायुद्धातली नोम आणि ल रोन ही रोटरी इंजिने याच जातीची, फक्त हजार फुटांवर. सेगाँ बंधूंच्या नोम इंजिनात सगळे सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरगर फिरत. वंगण म्हणून एरंडेल तेल, आणि तेही एकदा वापरून बाहेर फेकले जाणारे. फिरत्या सिलिंडरांच्या टोकाकडे तेल आपोआप ढकलले जाई आणि प्लग नेमके तिथेच. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी क्षणभर तोडत, सोडत. ठिणगी तुटलेल्या त्या क्षणांत न जळलेले तेल प्लगवर साचे. रणांगणावर रोटरी विमानाच्या मेकॅनिकचा बराच वेळ प्लग काढण्या-घालण्यात जाई, ते यामुळे.

आकड्यांत पाहिले तर प्लगची कामगिरी अंगावर येते. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्या फिरत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला ८५० वेळा पेटतो, पाच तासांत अडीच लाखांहून जास्त वेळा. चार्ल्स लिंडबर्गने मे १९२७मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिस गाठले ते साडेतेहतीस तासांत. त्याच्या राइट व्हर्लविंड इंजिनाचा सरासरी वेग १६०० फेऱ्या धरला, तर अठरा प्लगांपैकी प्रत्येकाने सुमारे सोळा लाख ठिणग्या दिल्या.

अभ्रक की चिनीमाती

प्लगचे तीन भाग : मधली तार, बाहेरचे धातूचे कवच आणि दोघांना वेगळे ठेवणारा इन्सुलेटर. भांडण जवळजवळ सगळे या तिसऱ्या भागावरून झाले.

चिनीमातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा, की ती स्वस्त आहे, साच्यात हवा तो आकार घेते, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने घाण पुसून निघते. पण त्या काळची चिनीमाती उष्णतेच्या झटक्याने तडकत असे. शिवाय तिच्यातल्या सोडा-पोटॅशच्या अंशामुळे ती तापली की वीज वाहू देई. थंड असताना उत्तम, आणि कामाच्या वेळी फितूर, अशी तिची अवस्था.

अभ्रक तडकत नाही. केनेल्म ली गिनेस हा शर्यतीचा ड्रायव्हर, १९१४ची टुरिस्ट ट्रॉफी जिंकणारा. बाजारातले प्लग शर्यतीत दगा देतात म्हणून त्याने स्वतःच अभ्रकाचे प्लग बनवायला घेतले आणि लंडनजवळ पटनी व्हेल इथे केएलजी हा कारखाना उभा राहिला. अभ्रकाचा प्लग घडवणे हे हातकाम होते. मधल्या दांड्याभोवती अभ्रकाचा पातळ पापुद्रा विडीसारखा गुंडाळायचा, त्यावर अभ्रकाच्या गोल चकत्यांची चळत रचायची, ती दाबून घट्ट आवळायची आणि बाहेरून घासून गुळगुळीत करायची. चळत जरा सैल राहिली की चकत्यांच्या फटींत तेल शिरते, तिथेच जळते आणि आतल्या आत काजळीची वाट तयार होते. बाहेरून प्लग स्वच्छ दिसतो, पण ठिणगी देत नाही. चिनीमातीवाले याच दोषावर बोट ठेवत.

इथे या कहाणीचा एक धागा भारतात येतो. चांगल्या पत्री अभ्रकाचा जगातला सर्वांत मोठा साठा तेव्हाच्या बिहारमधल्या कोडरमा-हजारीबाग पट्ट्यात होता, दुसरा मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरकडे. मॅग्नेटोच्या कंडेन्सरला अभ्रक लागे, प्लगलाही लागे. त्यामुळे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतीय अभ्रकाच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. फ्रान्सच्या आकाशात पेटणाऱ्या ठिणगीच्या मागे कोडरमाच्या खाणीतून निघालेला आणि तिथल्या मजुरांनी सुरीने सोललेला पापुद्रा होता, हे विमानांच्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते. ते ठळकपणे लिहायला हवे.

वॉशिंग्टनमधला अभ्यास

तोवर प्लगची परीक्षा म्हणजे अनुभवी माणसाचे मत. प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीर सोडवायला घेतला तो अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, १९१७मध्ये देश युद्धात उतरल्यावर. लिबर्टी या बारा सिलिंडरच्या, सुमारे ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाला चोवीस प्लग लागत आणि इंजिने हजारोंनी बनवायची होती. फ्रान्सिस सिल्सबी, लेनर्ड लोब, सिरॅमिकचे जाणकार अल्बर्ट ब्लायनिंगर वगैरेंचे हे काम एनएसीए या विमानविद्येच्या समितीने ५१, ५३, ५४ आणि ५७ या क्रमांकांच्या अहवालांत छापले.

त्यांनी आधी निकामी प्लग तपासले. इन्सुलेटरला तडे, सांध्यातून गॅसची गळती, अवेळी पेटणे हे सगळे सापडले, पण सर्वांत जास्त प्लग मेले होते ते काजळी-तेलाने. मग त्यांनी इन्सुलेटरसाठी एक मोजमाप ठरवले : ज्या तापमानाला एक घन सेंटिमीटर मालाचा विद्युतरोध एक मेगओहमपर्यंत घसरतो, ते तापमान. हा आकडा जितका वर, तितका माल चांगला. यामुळे ‘आमची चिनीमाती उत्तम’ या दाव्याला पहिल्यांदा आकडा मिळाला. ब्लायनिंगरच्या बाजूने सोडा-पोटॅश कमी केलेल्या मिश्रणांचा शोध सुरू झाला. लोब आणि सिल्सबी यांनी दाखवले, की ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूच्या घनतेबरोबर सरळ रेषेत वाढतो. त्यामुळे इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवले तर मॅग्नेटोला किती जोर लावावा लागेल, याचा अंदाज कागदावर करता येऊ लागला.

अहवाल क्रमांक ५७चा विषय मेकॅनिकांच्या हाताशी आधीपासून होता. काळा पडलेला प्लग पेटत नसेल, तर त्याची वायर प्लगच्या डोक्यापासून किंचित दूर धरायची. बाहेर एक ठिणगी उडते आणि मेलेला प्लग आत पुन्हा पेटू लागतो. कारण असे, की बाहेरची फट वीज अडवून धरते, दाब भरपूर चढल्यावरच सोडते. तो दाब इतक्या झपाट्याने प्लगवर येतो, की काजळीतून गळून जायला त्याला उसंतच मिळत नाही. मग ही जादाची फट प्लगमध्येच का ठेवू नये? काहींनी ठेवली. विरोधकांचे म्हणणे, मॅग्नेटोवर विनाकारण ताण पडतो, त्या फटीत ओल आणि झीज येते, आणि खरे दुखणे झाकले जाते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते.

चाचणी कुठे घ्यायची

प्लग टेबलावर तपासावा, इंजिनावर की आकाशात, हा या क्षेत्रातला सर्वांत चिवट वाद.

टेबलावरची चाचणी स्वस्त आणि झटपट. प्लग एका जाड भांड्यात आटे फिरवून बसवायचा, भांड्यात दाबाची हवा भरायची आणि काचेच्या खिडकीतून पाहायचे. बाहेरच्या हवेत टपोरी निळी ठिणगी देणारा प्लग दाब वाढताच अडखळू लागतो, किंवा ठिणगी टोकावर न पडता इन्सुलेटरच्या अंगावरून पळते. गळती पाहण्यासाठी प्लग तेलात बुडवून बुडबुडे पाहायचे. हे सगळे आजही चालते. पण या चाचणीत उष्णता नसते, तेल नसते, हादरे नसतात. अभ्रकाच्या चकत्यांत मुरलेले तेल इथे दिसत नाही.

म्हणून दुसरा पक्ष म्हणे, एका सिलिंडरचे चाचणी-इंजिन घ्या आणि प्लग अवेळी पेटवू लागेपर्यंत भार वाढवत न्या. याच वाटेने प्लगची ‘उष्ण’ आणि ‘थंड’ अशी प्रतवारी आली. लांब नाकाचा प्लग उष्णता धरून ठेवतो, आखूड नाकाचा ती चटकन कवचाला देऊन टाकतो. बॉशने १९२७मध्ये प्लगला उष्णतामूल्याचा आकडा द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत १७.६ घनइंचाचे छोटे इंजिन याच कामासाठी प्रमाण मानले गेले. प्लग स्वतःपुरता चांगला किंवा वाईट नसतो, तो अमुक इंजिनाचा असतो, ही समजूत रुजली ती या चाचण्यांमुळे. जाहिरातींतला ‘सर्व इंजिनांसाठी उत्तम’ हा दावा त्यापुढे टिकत नव्हता.

तिसऱ्या पक्षाला हेही पुरेसे वाटत नसे. उंचीवर हवा विरळ, थंडी कडाक्याची. ब्युरोने लिबर्टीच्या काळातच एक काँक्रीटची खोली बांधली होती. तिच्यातली हवा पंपाने खेचून आणि गार करून आत इंजिन चालवता येई. जमिनीवर बसून उंच आकाश तयार करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. तिथे आणि प्रत्यक्ष उड्डाणांत जो पेच उभा राहिला, तो नंतर सुपरचार्जरने आणखी घट्ट केला. सुपरचार्जर सिलिंडरच्या आत दाब जमिनीइतका ठेवतो, म्हणजे ठिणगीला व्होल्टेज तेवढाच लागतो. पण बाहेरची विरळ हवा वीज अडवू शकत नाही. परिणामी ठिणगी आत पडण्याऐवजी प्लगच्या डोक्याबाहेरून किंवा मॅग्नेटोच्या आतच उडू लागली. दुसऱ्या महायुद्धात मॅग्नेटोत दाबाची हवा भरावी लागली ती याचमुळे.

ठिणगी नेमके काय करते

हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटतो, पण प्लगची फट, टोकांचा आकार, मॅग्नेटोची रचना सगळे त्यावर अवलंबून. मॅग्नेटोच्या ठिणगीला एक डोके असते, क्षणार्धाचे आणि लखलखीत, आणि मागून येणारे लांब शेपूट. पेटवते कोण?

ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांचे मत होते, की ठिणगीतले विद्युतभारित कण, आयन, ज्वलन सुरू करतात. जे. डी. मॉर्गन यांनी उष्णतेची बाजू घेतली : ठिणगी म्हणजे एक अतिशय छोटा तापलेला गोळा, तो पुरेसा मोठा झाला की आग पसरते. १९२२मध्ये टेलर-जोन्स, मॉर्गन आणि व्हीलर यांनी या कल्पनेला गणिताची बैठक दिली. व्यवहारात याचा अर्थ, की डोके पुरेसे आहे, शेपूट बहुधा टोके झिजवते. शेपटाचे समर्थक सांगत, की गारठलेले इंजिन सुरू करताना, मिश्रण पातळ असताना तेच कामी येते.

इंपीरियल कॉलेजमधल्या जॉर्ज इंगल फिंच यांनी उलट बाजूने पुरावा आणला. कंडेन्सरच्या ठिणगीची कंपनसंख्या बदलली तर पेटण्याची शक्यताही बदलते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. नुसती उष्णता मोजून हे उलगडत नाही, रेणूंना विजेने दिलेली उत्तेजना विचारात घ्यायलाच हवी, असे त्यांचे म्हणणे. हे फिंच म्हणजे १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जेफ्री ब्रूसबरोबर ऑक्सिजन लावून सुमारे २७,३०० फुटांपर्यंत गेलेले गिर्यारोहक. आणि १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकही तेच. पाषाण रस्त्यावरच्या त्या इमारतीला ठिणगीच्या या जुन्या वादाशी जोडणारा दुवा पुणेकरांच्या फारसा बोलण्यात येत नाही.

पुढे बर्नार्ड लुईस आणि ग्युंटर फॉन एल्बे यांनी सर्वांत कमी किती ऊर्जेत मिश्रण पेटते, आणि टोके फार जवळ आणली तर ती कोवळी ज्योत कशी विझवतात, हे मोजले. त्यामुळे पारडे उष्णतेकडे झुकले, पण फिंच यांचा आक्षेप पुरता निकालात निघाला असे म्हणता येत नाही.

शिसे आणि अॅल्युमिना

९ डिसेंबर १९२१ रोजी थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. पेट्रोलात ते मिसळले की इंजिन ठोकत नाही, कॉम्प्रेशन वाढवता येते. विमानांना हे वरदान ठरले आणि प्लगांना शाप. जळून उरलेले शिसे प्लगवर बसू लागले. ते बाहेर काढण्यासाठी इंधनात ब्रोमीनचे संयुग घालावे लागले, तरी थोडे उरतेच. शिशाची संयुगे अभ्रकाला खातात, त्यामुळे अभ्रकाचे दिवस भरले.

तोवर चिनीमातीवाल्यांनी बरीच मजल मारली होती. चॅम्पियन कंपनीसाठी कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन डोंगरांतून अँडालुसाइट हे खनिज खणले जाई, ते भाजून कणखर इन्सुलेटर होत. १९३०च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने आणि ब्रिटनमध्ये लॉज कंपनीने जवळजवळ शुद्ध अॅल्युमिना भाजून घट्ट करण्याचे तंत्र बसवले. अॅल्युमिना उष्णता चांगली वाहून नेतो, तापल्यावरही वीज रोखतो, शिशाला दाद देत नाही. अभ्रक-चिनीमातीचा वाद असा तिसऱ्याच पदार्थाने मिटवला.

रेडिओ आला आणि प्लगच्या ठिणगीची खरखर कानात ऐकू येऊ लागली, म्हणून प्लग आणि वायरी धातूच्या आवरणात गेल्या. त्या आवरणामुळे ठिणगीमागून जादा वीज येऊन टोके लवकर झिजू लागली, म्हणून प्लगच्या आत रोधक बसवला.

आजचे चित्र

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो, ही जुनी रीत पिस्टनच्या विमानांत अजून टिकून आहे. ती सुरक्षेसाठी की चांगल्या ज्वलनासाठी, हा जुना वाद. उत्तर दोन्हीसाठी असेच आहे. उड्डाणाआधी एक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती घसरतात हे वैमानिक पाहतो, तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम तपासल्या जातात.

बारामतीसारख्या ठिकाणी प्रशिक्षणाची छोटी विमाने आहेत. अशा विमानाच्या हँगरमध्ये काढलेले प्लग भोकांच्या ट्रेमध्ये ओळीने उभे असतात, कुठल्या सिलिंडरचा वरचा, कुठला खालचा, हे ठरलेल्या जागी. खालच्या प्लगच्या पोटात शिशाचे बारीक करडे मणी अडकलेले दिसतात, वरचे बहुधा स्वच्छ. मेकॅनिक ते मणी टोकरून काढतो, वाळूच्या फवाऱ्याने नाक साफ करतो, गॅप मोजतो, दाबाच्या भांड्यात ठिणगी पाहतो, नवे तांब्याचे वॉशर घालतो आणि वरचा प्लग खाली, खालचा वर बसवतो, म्हणजे झीज सारखी होते. हातातून फरशीवर पडलेला प्लग तो सरळ टाकून देतो, कारण आत गेलेला तडा डोळ्याला दिसत नाही.

हे मणी येतात १००एलएल या शिसेयुक्त इंधनातून, ज्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालते. भारत ते आयात करत असे. २०२२मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत २०३०च्या अखेरीपर्यंत विमानांच्या पेट्रोलातून शिसे काढून टाकण्याचा कार्यक्रम जाहीर झाला आणि बिनशिशाच्या एका इंधनाला तिथल्या नियामकाने मान्यताही दिली. शिसे गेले तर खालच्या प्लगमधले मणी दिसेनासे होतील. तेलाची काजळी मात्र राहील, आणि नव्या इंधनांच्या ज्वलनातून काय साचते, ते कोणत्या तापमानाला जळून जाते, आजचा प्लग त्या इंजिनाला थंड पडतो की उष्ण, हे प्रत्येक इंजिनाच्या बाबतीत पुन्हा तपासावे लागेल. टेबलावर, चाचणी-इंजिनावर आणि आकाशातही.